जुन्नर-आंबेगावातील अपघाती मृत्यू आणि अंतस्थ इजांचा पुरावा

नाणेघाटातून जुन्नरास येणारा प्राचीन व्यापारमार्ग तेथील सातवाहनकालीन लेखांमुळे अभ्यासकांस परिचित आहे. त्याच प्रदेशातील आजच्या मोटाररस्त्यांचा इतिहास मात्र बऱ्याच अंशी मरणोत्तर पंचनाम्यांत पडून आहे. हे रस्ते मुख्यतः दोन. पुणे-नाशिक रस्ता मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा जातो. कल्याणहून अहिल्यानगरास जाणारा रस्ता माळशेज घाट चढून ओतूरवरून त्याच फाट्यास मिळतो.

पंचनामा हे साधन उपयुक्त खरे, परंतु ते त्वचेपाशी थांबते. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 अन्वये पोलीस अधिकाऱ्याने दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष प्रेतावरील जखमा, अस्थिभंग, मुका मार व इतर खुणा नोंदवावयाच्या असत. 1973 च्या संहितेने आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 ने हीच शब्दयोजना पुढे चालविली. शवविच्छेदन सांगितले आहे ते मृत्यूच्या कारणाविषयी संशय असेल किंवा अधिकाऱ्यास आवश्यक वाटेल तेव्हा.

वेगाने येणारा मृत्यू पुष्कळदा बाहेर खूण ठेवीत नाही. गाडी आदळून थांबते, छातीचा पिंजराही थांबतो, पण आतील अवयव क्षणभर पुढेच जात राहतात. महारोहिणीची कमान काहीशी मोकळी, तर तिचा खाली उतरणारा भाग पाठीच्या कण्याशी जखडलेला असतो. या दोहोंच्या सांध्यापाशी ती फाटते. घोड्यावरून पडलेल्या माणसाच्या बाबतीत व्हेसॅलियसने 1557 मध्ये अशा इजेची नोंद केली होती. मोटारीने हे विरळ मरण नित्याचे केले, एवढेच. यकृत व प्लीहा हे रक्ताने भरलेले घन अवयव खालच्या बरगड्यांमागे चिरडतात आणि रक्त उदरातच साठते. दुचाकीस्वाराचा घात बहुधा डोक्याच्या इजेने होतो. टी. ई. लॉरेन्स 1935 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या शल्यविशारदाने 1941 मध्ये स्वारांच्या मस्तकाघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि शिरस्त्राणाचा आग्रह तेथून बळावला.

17 जानेवारी 2025 रोजी नारायणगावजवळ एका प्रवासी गाडीस मागून टेम्पोची धडक बसली व ती उभ्या बसवर आदळली. नऊ जण मृत्युमुखी पडले. अशा अपघातात आघात दोन आणि दिशाही दोन असतात. त्यांचा क्रम वाहनांच्या अवशेषांवरून सांगता येतो. प्राण कोणत्या इजेने गेला याचा निर्णय विच्छेदनानेच होतो.

हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात 1956 साली दुरुस्ती होऊन नुकसानभरपाईसाठी न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद झाली. तेव्हापासून मृत्यूचा अपघाताशी संबंध दाखविणे वारसांच्या उपजीविकेचा भाग झाले. प्लीहेची इजा येथे विशेष फसवी ठरते. तिचे आवरण काही काळ टिकते, आत रक्त साचत जाते आणि दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा ते फुटते. दुचाकीवरून पडलेला शेतकरी उठतो, कपडे झटकतो, वाडीवर परत जातो आणि तिसऱ्या दिवशी कोसळतो. विच्छेदनावाचून अंत्यविधी उरकला, तर त्याच्या विधवेपाशी गुडघा खरचटल्याची नोंद तेवढी उरते.