बंद कशी केली होती?

अंजूरफाटा–चिंचोटी रस्त्याला खारबावमध्ये माझं गॅरेज आहे. गाडी चालू होत नाही म्हणून कुणी आलं की बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, "शेवटची बंद कधी केलीत आणि कशी?" गिऱ्हाईक वैतागतं. चालू होत नाही ते बघायचं सोडून हा बंद करण्याचं काय विचारतोय! पण हा प्रश्न मला उस्तादांनी दिला आणि त्यांना त्यांच्या उस्तादांनी. आमच्या धंद्याचा इतिहास लिहायचा झाला तर तो या एका प्रश्नाभोवती लिहिता येईल.

आमचा पट्टा भाताचा. वीज गावोगाव पोचण्याआधी भातगिरणी आणि पंप ऑईल इंजिनावर चालायचे. साताऱ्यात कूपरच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली, आणि १९४६ मध्ये किर्लोस्करांनी पुण्याला खडकीत ऑईल इंजिनांची कंपनी काढली. त्या इंजिनाला सेल्फ नव्हता. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, हँडल घालून फिरवत राहायचं, फ्लायव्हीलने वेग घेतला की लिव्हर पाडायचा. सिलिंडरमध्ये एकदम दाब तयार होतो, हवा तापते, डिझेल पेट घेतं आणि पहिला ठोका पडतो. इथे ठिणगी नाहीच, सगळा खेळ दाबाचा.

आता अशा गिरणीवाल्याने संध्याकाळी टाकी आटेपर्यंत इंजिन चालवलं आणि ते आपोआप बंद पडू दिलं, की पाइपात हवा शिरलीच. सकाळी चार गडी आळीपाळीने हँडल मारून थकणार, इंजिन ढिम्म. मेकॅनिकने येऊन नट सैल करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची, नट आवळायचा. बिघाड सकाळी दिसला, घडला मात्र आदल्या संध्याकाळी. रिंगा झिजलेल्या इंजिनाला आणखी एक उपाय होता: हवेच्या वाटेने थोडं ऑईल सोडायचं. रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजतात, दाब धरला जातो.

मग पेट्रोलचा जमाना आला. मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९५०च्या दशकात लँब्रेटा जोडायला घेतल्या. कुर्ल्यात प्रीमियरची फियाट ११०० तयार होऊ लागली १९५४ पासून. आता दाबाच्या जोडीला ठिणगी आणि कार्बोरेटर आले. खाडीकडची खारी, दमट हवा ठिणगीच्या पॉइंटवर गंज चढवायची आणि पावसाळ्यात डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या, टोपीत ओल जमायची. टोपी पुसून कोरडी केली, पॉइंट पॉलिश पेपरने घासले की निम्म्या गाड्या मार्गी लागत.

उरलेल्या निम्म्यांना जुनाच प्रश्न. टू-स्ट्रोक स्कूटरचा पेट्रोलचा कॉक रात्रभर उघडा राहिला की सकाळी प्लग ओला. कॉक बंद करा, प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किका मारा, आतलं जादा पेट्रोल बाहेर फेका, प्लग कोरडा करून बसवा. एप्रिल-मेच्या उन्हात कार्बोरेटरवाली मोटार तापल्या तापल्या बंद करून मालक चहाला बसला, की पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ अडकायची. पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि वाट बघायची, दुसरं काही नाही.

पेट्रोलवरच चालणाऱ्या, पण वेगळ्या घडणीच्या रोटरी इंजिनाशी माझा संबंध आला तो फोनवर. माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा आखातात गॅरेजात आहे. म्हणाला, "काका, रोटरीची गाडी आलीय. कधी एका सेल्फला चालू होते, कधी बॅटरी संपेपर्यंत उचलत नाही. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, काही फरक नाही."

जर्मनीचे फेलिक्स वांकेल यांनी कल्पिलेलं हे इंजिन. त्यात खालीवर होणारा पिस्टन नाही. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर घरात गरगर फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंना आळीपाळीने ओढणं, दाबणं, जळणं, सोडणं चालतं. एनएसयूने १९६४ मध्ये अशी मोटार विकायला आणली, १९६७ मध्ये जपानच्या माझ्दाची कॉस्मो आली, आणि १९९१ मध्ये माझ्दाच्या रोटरी गाडीने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. पण गोल रिंगांचं काम इथे रोटरच्या कोपऱ्यांवरच्या बारीक सीलपट्ट्यांना करावं लागतं. त्यांच्यासाठी इंजिन मुद्दामच थोडं ऑईल जाळतं.

मी पोराला विचारलं, "बंद कशी केली होती?" त्याने मालकाला विचारलं. गाडी धुवायला सावलीतून चार पावलं पुढे घेतली होती आणि लगेच चावी फिरवली होती. तिथेच कोडं सुटलं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. ते जळून जायच्या आत इंजिन बंद केलं की शिल्लक पेट्रोल सीलपट्ट्यांवरचं ऑईल धुऊन टाकतं. ऑईल गेलं की दाब गेला, आणि दाब नसेल तर ठिणगी कितीही चांगली असो, पेट घेत नाही. वर प्रत्येक सेल्फला आणखी पेट्रोल आत जातं.

उपाय सांगताना मला नवं काही सुचवावं लागलं नाही. पंपाचा फ्यूज काढ. कॉइल सोडव, नाहीतर उडालेलं पेट्रोल भडकेल. प्लग काढून सेल्फ मार, आत कोरडं होऊ दे. इथवर लँब्रेटा. मग प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑईल. हे भातगिरणीचं. कोरडे प्लग, पूर्ण भरलेली बॅटरी, कारण सेल्फ मंद फिरला तर दाब बनतच नाही. गाडी चालू झाली. त्याला एवढं बजावलं, की हीच गाडी गरम असताना अडली तर मात्र मालकाच्या सवयीला दोष देऊ नकोस. तेव्हा सीलपट्ट्या झिजल्याचा संशय घ्यायचा आणि तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजायचा. साधा गेज तिघांतला सगळ्यात मोठा आकडा दाखवतो आणि मेलेली बाजू लपवतो.

आपल्या राज्यातही रोटरीवर काम झालंय, रस्त्यासाठी नव्हे, आकाशासाठी. 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी देशी वांकेल इंजिन बनवलं गेलं. त्याचा गाभा बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने केला. ठिणगीची आणि इंधनाची व्यवस्था तेव्हाच्या अहमदनगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संस्थेने. २००९ मध्ये कोलारजवळ ते इंजिन लावून निशांत उडालं. इंजिनाचं वजन सुमारे ३० किलो. हवेत बंद पडलं तर धक्का मारायला कोणी नाही, म्हणून आधी जमिनीवर ते तासन् तास चालवून पारखलं होतं.

आता माझ्याकडेही स्कॅनर आहे. तो सेन्सर सांगतो, मिसिंग सांगतो, आणि ते खरंच असतं. पण गाडी शेवटी कुणी, किती वेळ चालवून, कशी बंद केली, हे अजून माणसालाच विचारावं लागतं. म्हणून वायर जोडण्याआधी मी तेवढं विचारून घेतो.