साधन कोणाच्या हाती?

8 मार्च 2016 रोजी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा भरली. साठी उलटलेल्या बायका गुलाबी साड्या नेसून, पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. एकाच जिल्ह्यातल्या या दोन घटनांपैकी एक जुन्या काळातली आणि दुसरी नव्या काळातली, असे सहज म्हणता येईल. पण शाळेच्या साधनांना नव्या-जुन्याची फूटपट्टी लावली की फसगत होते. ठाणे जिल्ह्याच्या सुमारे दोनशे वर्षांच्या शालेय इतिहासाकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जे साधन मुलाला स्वतः हाताळता आले आणि शिक्षकाला आपल्या वर्गाप्रमाणे वापरता आले, त्यानेच शिकणे बदलले. जे नुसते वरून आले, ते वरून येणे थांबताच संपले.

पंतोजीच्या शाळेतली धूळपाटी घ्या. लाकडी फळीवर विटेची बारीक पूड पसरायची, टोकदार काडीने त्यात अक्षर काढायचे, चुकले तर फळी हलवून पुन्हा काढायचे. साधन फुकटचे, आणि चूक पुसण्याची मुभा मुलाच्याच हातात. मद्रासेत वाळूत अक्षरे गिरवणारी मुले पाहून अँड्र्यू बेल यांनी ती रीत इंग्लंडमध्ये नेली. तिथे मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत रुजली आणि पुढे तीच मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांत आली. या शाळा उभ्या करताना मुंबईच्या शाळा-पुस्तक मंडळीने केवळ शिळाप्रेसवर छापलेली मराठी पुस्तके गावोगाव धाडली नाहीत. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले 24 शिक्षक 1826 मध्ये मुंबईबाहेरच्या शाळांवर नेमले गेले. छापील पुस्तक हे त्या काळचे सर्वांत आधुनिक तंत्रज्ञान होते, आणि ते वापरणारा माणूस त्याच्या बरोबरीने घडवला गेला.

विसाव्या शतकात हाच धडा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला नव्याने गिरवला गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा होईपर्यंत हा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने यांतून मोजणी, रंग आणि आकार शिकवले गेले. तत्त्व परदेशातले, साहित्य अंगणातले. हरवले किंवा मोडले तर दुसरे पाड्यावरच मिळायचे.

याउलट दूरचित्रवाणीचे झाले. 1984 मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. तिचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून मुलांपर्यंत पोहोचले, आणि त्यामागची तळमळ खरी होती. पण कार्यक्रमाची वेळ ठरलेली, वेग ठरलेला. ‘हे पुन्हा सांगा’ म्हणण्याची सोय मुलाला नव्हती आणि मध्येच थांबवून समजावण्याची सोय शिक्षकाला नव्हती. 2017 मध्ये ती संस्था बंद झाली.

शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेची वाट वेगळी होती. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय 22 जून 2015 चा; त्याआधीच तिथे शिक्षक संदीप गुंड यांच्या पुढाकाराने मुलांच्या हाती टॅबलेट आले होते. तिथे मागणी वर्गातून उठली होती. पडद्यावर बोट ठेवून उत्तर निवडायचे, चुकले की पुन्हा निवडायचे, ही क्रिया दूरचित्रवाणीपेक्षा धूळपाटीच्या अधिक जवळची आहे. राज्यभरच्या शिक्षकांनी पाष्टेपाड्याकडे पाहून लोकवर्गणीतून आपल्या शाळा डिजिटल केल्या, त्याचे कारण हेच.

यावर आक्षेप येईल की, एखाद्या धडपड्या शिक्षकावर राज्याची व्यवस्था चालत नाही. हजारो शाळांना एकसारखी साधने सरकारनेच द्यायला हवीत. द्यायलाच हवीत, यात वाद नाही. पण शिक्षकाने घडवलेली गोष्टही राज्यभर जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून पाहिले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड छापले जाऊ लागले. दुसरा आक्षेप असा की, करोनाकाळात प्रसारणच कामी आले. तेही खरे. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका लागत होती, तेव्हा मोबाइल आणि नेटवर्क नसलेल्या घरांना तिचा आधार होता. मात्र शाळा बंद असतानाचा आधार हा शाळा उघडल्यावर शिक्षकाचा पर्याय ठरत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: धूळपाटीचे कौतुक म्हणजे गरिबांच्या मुलांना जुन्यावरच भागवायला सांगणे. तसे मुळीच नाही. पंतोजीची शाळा दलितांना बंद होती, मुलींना जवळपास बंद होती आणि छडीवर चालत होती. ते दार फुले दांपत्यासारख्यांच्या झगड्याने आणि नंतर कायद्याने उघडले. कोणत्याही साधनाने नव्हे. म्हणूनच नवे साधन आणल्याने समता आपोआप येईल, या भ्रमात राहता येत नाही. गरिबांच्या मुलांना उत्तमातले उत्तम साधन मिळाले पाहिजे, आणि ते कपाटात कुलूपबंद न राहता त्यांच्या हातात पडले पाहिजे.

ठाणे महापालिका 1982 ची, कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 ची. या शहरांच्या वाढीत ज्यांचे हात राबले, त्यांची मुले पालिकेच्या शाळांत शिकतात. या दोन्ही पालिकांनी आणि जिल्हा परिषदेने शाळांसाठी पुढचा पडदा किंवा टॅबलेट विकत घेण्यापूर्वी निविदेतच तीन कलमे घालावीत: शिक्षकांचे सलग प्रशिक्षण, दुरुस्तीची मुदतबंद हमी आणि वीजबिलाची कायमची तरतूद. कोणते यंत्र घ्यावे, हे ठरवताना वर्गावरच्या शिक्षकांना विचारावे. आणि पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत यंत्रांची संख्या विचारण्याआधी एवढेच विचारावे, की माझ्या मुलाचा हात त्यावर आठवड्यातून किती वेळा चालतो?