मलेरियाची प्रतिबंधक गोळी घेतली, तरी ताप का येतो?

नोकरीसाठी आफ्रिकेत किंवा जहाजावर गेलेला माणूस सुट्टीला गावी येतो आणि आठ-दहा दिवसांत थंडी वाजून तापानं फणफणतो. "गोळ्या चालू होत्या, म्हणजे मलेरिया नसणार," असं म्हणून ताप अंगावर काढला जातो. ही समजूत जिवावर बेतू शकते. प्रतिबंधक गोळीनं धोका बराच कमी होतो, पण पूर्ण टळत नाही.

एक कारण म्हणजे औषधाला दाद न देणारा जंतू. एकेकाळी क्लोरोक्वीन हाच हिवतापावरचा हुकमी इलाज होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर फॅल्सिपेरम जातीचा जंतू तिला पुरून उरू लागला. भारतात असा जंतू १९७३ मध्ये आसामात आढळला. पुढे त्याच थायलंड सीमेवर मेफ्लोक्वीनही निकामी ठरू लागली. औषध अंगात कमी पडलं की कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि डासामार्फत तेच पसरतात. त्यामुळे कोणत्या देशात जायचं त्यावर गोळी ठरते. घरात पडलेली जुनी क्लोरोक्वीन आफ्रिकेला नेणं म्हणजे जवळपास रिकाम्या हातानं जाणं.

मात्र दरवेळी दोष जंतूचाच नसतो. डॉक्सिसायक्लिन रोज एक, ठरल्या वेळी घ्यायची असते आणि परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायची असते. बरेच जण विमानातून उतरले की ती बंद करतात. डास चावल्यावर जंतू आधी यकृतात वाढतो, मग रक्तात उतरतो. ही गोळी मुख्यतः रक्तातल्या जंतूवर काम करते, म्हणून हे ४ आठवडे महत्त्वाचे. (गरोदर बाई आणि ८ वर्षांखालील मुलांना ही गोळी चालत नाही.) व्हायव्हॅक्स जातीचा जंतू तर यकृतात महिनोन् महिने दडून राहतो. गोळ्यांचा कोर्स पुरा केला तरी तो नंतर डोकं वर काढू शकतो.

परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर त्याच दिवशी आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. फॅल्सिपेरमचा ताप मेंदूत जायला फार दिवस लागत नाहीत. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर पुन्हा करावी. कुठून आलो आणि कोणती गोळी चालू होती, हे डॉक्टरांना न विचारता सांगावं, गोळीचं पाकीट सोबत न्यावं. जी गोळी चालू असताना ताप आला, तीच जास्त घेऊन तो बरा करू पाहणं धोक्याचं आहे; उपचाराला दुसरं औषध लागतं.