गुलशनाबादची अंगणे

मोगलांच्या अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. पुढे पेशव्यांचा अंमल आला आणि गोदाकाठच्या या नगरीला तिचे जुने नाव परत मिळाले. पण फारसीने दिलेला ‘गुल’ हा शब्द काही येथून गेला नाही. गुलाब, गुलबक्षी, गुलछडी, गुलमोहर अशी आपल्या अंगणातील नावे घेत गेलो, तर तो पुन:पुन्हा भेटतो. गंमत अशी की, यांतील गुलबक्षी आणि गुलछडी मूळच्या अमेरिका खंडातील, तर गुलमोहर मादागास्कर बेटावरचा. इराणशी तिघांचेही नाते नाही. परक्या झाडाला परक्याच भाषेतील नाव दिले आणि मराठी माणसाने ते घरचे करून टाकले!

हा विषय आम्हांला सुचला तो एका साध्या प्रश्नावरून. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने नवे घर बांधले आणि दारापुढे थोडी जागा मोकळी राखली. घरच्या कर्त्या मुलाने आम्हांला विचारले, “फक्त आपल्या मातीतलीच झाडे लावायची आहेत. कोणती लावू?” प्रश्न चांगला होता. उत्तर देण्यापूर्वी आम्ही आमच्याच अंगणात एक फेरी मारली. तुळस, मोगरा, प्राजक्त, अडुळसा, कढीपत्ता ही मंडळी निर्विवाद येथली. पण पेरू, पपई, सीताफळ आणि झेंडू अमेरिकेतले, खुरचाफाही तिकडचाच. सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनकडची, बोगनवेल ब्राझीलची. निम्म्याहून अधिक अंगण समुद्रापलीकडून आलेले!

यांतील बरीच झाडे सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. पपई, अननस, काजू, बटाटा हे शब्दच त्याची साक्ष देतात. झेंडूला असे दूरचे नाव राहिले नाही, म्हणून त्याचे मूळ कोणास आठवत नाही. दसऱ्याचे तोरण त्याच्यावाचून होत नाही. सीताफळाची कथा तर त्याहून नवलाची. पंचवटीच्या परिसरात सीताफळ म्हटले की वनवासातील सीतामाई आठवणारच. जनरल कनिंगहॅम यांना भारहुतच्या प्राचीन शिल्पांतही हे फळ दिसले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्याचे माहेर अमेरिकाच मानतात. लोकांनी त्याला सीतेचे नाव दिले आणि वाद मिटवला.

या देवाणघेवाणीची दुसरी बाजूही विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. त्यात मराठीची थोरवी सांगताना त्यांनी तिला फुलांतील मोगरीची उपमा दिली आहे. मायदेशीचा गुलाब त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. पण या भाषेसाठी त्यांनी फूल निवडले ते येथल्या अंगणातले.

ख्रिस्ती माणसाला आजही अधूनमधून विचारले जाते, “तुम्ही मूळचे कुठले?” आजोबा-पणजोबा राहुरीचे, संगमनेरचे वा वसईचे असले तरी प्रश्न चुकत नाही. अशा वेळी आम्हांला शरणपूर आठवते. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या प्रॉटेस्टंट संस्थेने नाशिकजवळ ही वसाहत उभारली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले येथे वाढली, शिकली. त्यांपैकी नऊ जणांना डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या अखेरच्या प्रवासासाठी निवडले. पुढे त्याच्याकडे गेलेला जेकब वेनराइटही याच शाळेचा. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय एका झाडाखाली पुरण्यात आले. तेथे प्रार्थना वाचली ती जेकबने आणि त्या झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. ही सारी मुले जन्माने आफ्रिकी. पण आफ्रिकेत ती ओळखली गेली ‘नाशिकची मुले’ म्हणून. जेथे वाढली तेथली झाली.

याचा अर्थ येईल ते झाड दारात लावावे असा नव्हे. घाणेरी, गाजरगवत आणि गोदावरीचा श्वास कोंडणारी जलपर्णी हीसुद्धा परदेशी पाहुणी आहेत. झाड आले कोठून यापेक्षा ते शेजाऱ्याला जगू देते की नाही, हे आम्ही आधी पाहू. फादर ब्लॅटर (१८७७–१९३४) आणि फादर सांतापाव (१९०३–१९७०) या जेज्वीट वनस्पतिशास्त्रज्ञांची दृष्टी अशीच उदार होती. पहिले स्विस, दुसरे स्पॅनिश. दोघेही मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात रमले. सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली पद्मश्रीचे मानकरी ठरले. ब्लॅटर व मिलार्ड यांनी सुंदर भारतीय वृक्षांवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात मादागास्करचा गुलमोहर मानाने बसला आहे.

पाहुण्याला मुरवून घ्यायचे तर त्याच्या सवयी जाणाव्या लागतात. द्राक्षवेलच पाहा. युरोपात ती थंडीत पाने गाळून झोपते. आपल्याकडे तिला तशी झोप लागत नाही. म्हणून नाशिकचा बागाईतदार तिची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. अंगणातल्या मांडवावरील एकुलत्या वेलीलाही हाच नियम. तो न पाळता ‘वेल वाढते, पण घड धरत नाही’ अशी तक्रार करणारे आम्हांला पुष्कळ भेटतात.

गुलाबाच्या बाबतीत आमचीच फजिती झाली. येथील काळी माती पाणी धरून ठेवते. आम्ही तीत तशीच सहा कलमे लावली आणि पहिल्याच पावसाळ्यात सहाही मुळाशी कुजली. पुढच्या खेपेस दीड फूट खोल खड्डे घेतले, तळाशी विटांचे तुकडे टाकले, मातीत पोयटा, कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळली. कलमाचा सांधा मातीच्या वर राखला. त्याखालून येणारे रानटी फुटवे मुळापासून काढत राहिलो. ते झाड अजून उभे आहे.

त्या कुटुंबाला आम्ही अखेर असे सांगितले. पश्चिमेच्या भिंतीशी प्राजक्त लावा, स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता आणि गवती चहा, खिडकीखाली मोगरा. उन्हाची जागा गुलाबांसाठी सोडा. हिरवळीचा हट्ट मात्र धरू नका. उन्हाळ्यात ती पाणी पिते आणि देत काही नाही. जागाच नसेल, तर गॅलरीतल्या कुंडीत मोगरा छान येतो, फक्त कुंडीचे भोक बुजू देऊ नका. आणि झेंडू अवश्य लावा. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपण कबरस्थानात तो वाहतो. त्याच्या माहेरी, मेक्सिकोतही, त्याच दिवशी लोक आपल्या मृतांसाठी झेंडूच पसरतात. आपण हे त्यांच्याकडून शिकलो नाही, त्यांनीही आपल्याकडून नाही.

कबरस्थानातून परतल्यावर आठवडाभरात, १० नोव्हेंबरच्या सुमारास, गुलाब छाटावेत. छाटणीपासून फूल यायला साधारण ४५ दिवस लागतात. यंदा त्यांच्या अंगणातली पहिली फुले गव्हाणीपुढे ठेवायची असे घरातल्या आजींनी आधीच ठरवून टाकले आहे.