घरी भरलेले काडतूस : एका मापाचा इतिहास

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. पण मराठी वाचकाच्या मनात तो १८५७शी कायमचा जोडला गेला आहे. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांविषयीचा तो प्रवाद येतो. दुसऱ्याने भरलेल्या काडतुसात नेमके काय आहे, ही शंका त्या प्रवादाच्या मुळाशी होती. रायफलीचे काडतूस स्वतःच घरी भरण्याची रीत अमेरिकेत रुजली, तेव्हा ही शंका भरणाऱ्याने स्वतःच्याच हातावर घ्यावी लागली. नवशिक्याने कोणती साधने घ्यावीत, या प्रश्नाचा इतिहास आम्हांस म्हणूनच लक्षणीय वाटतो.

काडतुसाचा पितळी कोश हा त्याचा महाग भाग. आणि तो पुन्हा वापरता येतो. १८७०च्या दशकात गवताळ प्रदेशातील रानगव्यांचे शिकारी दुकानांपासून दूर, तळावरच काडतुसे भरत. या कामी एक गमतीदार योगायोग घडला. इंग्रज बॉक्सर याच्या रचनेत कोशाच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असल्याने जळालेली टोपी सहज ठोकून काढता येते. ती रचना अमेरिकेत रुजली. अमेरिकन बर्डन याची दोन छिद्रांची रचना मात्र युरोपात अधिक चालली. घरगुती पुनर्भरणी अमेरिकेत सुकर झाली, त्यात या अदलाबदलीचा वाटा मोठा आहे.

१८८४ साली जॉन बार्लो यांनी कनेटिकटमध्ये 'आयडियल' कंपनी काढली. तिचे चिमट्यासारखे हत्यार टोपी काढणे, बसवणे आणि गोळी दाबणे ही सारी कामे करी. दारू मापट्याने घेतली जाई. काळ्या दारूला तेवढे पुरे होते. पण त्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हिएय यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली. थोड्या वजनात अधिक शक्ती असलेल्या या दारूने मापातील चूक महाग केली. जास्त भरलेला बार रायफल फोडू शकतो. आमच्या मते, या साधनांच्या इतिहासातील खरे वळण हेच. यापुढे हत्याराइतकेच महत्त्व तराजूला आणि प्रमाणे देणाऱ्या छापील पुस्तकाला आले.

दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई झाली, तेव्हा १९४३ साली कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी गोळ्या घडवण्याच्या साच्यांपासून 'आर.सी.बी.एस.'चा आरंभ केला. युद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू विकावयास घेतली आणि हा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. पुढे लीचा हातोडीवर चालणारा स्वस्त संच आला. त्यात दारू मोजण्यासाठी पुन्हा मापटेच होते.

आजही नवशिक्यास एका वेळी एकच क्रिया करणारा प्रेस, आपल्या रायफलीच्या मापाचे साचे, तराजू, लांबी मोजण्याचे कॅलिपर आणि चालू आवृत्तीचे पुस्तक घेण्याचा सल्ला दिला जातो. दांड्याच्या एका ओढीत अनेक क्रिया उरकणारे यंत्र वेग देते. परंतु प्रत्येक कोशावर नजर ठरू देत नाही. काटकसर करावयाची तर ती प्रेसमध्ये करावी, तराजूत नव्हे, हे यातले शहाणपण.

भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या ५व्या कलमानुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो. त्यामुळे आपल्याकडे हा घरगुती उद्योग रुजला नाही. तरीही साधनांची निवड कशी पारखावी, याचा एक निकष या इतिहासातून हाती लागतो : जे साधन चूक घडण्यापूर्वी दिसू देते, ते आधी घ्यावे.