वन वे आउट : लाइव्ह ॲट द बीकन थिएटर

द ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकी सदर्न रॉक बँडचा, प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला अल्बम. न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये मार्च २००३ मध्ये झालेल्या कार्यक्रमांतून निवडलेल्या गाण्यांचा हा दोन सीडींचा संच २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

बँडची स्थापना १९६९ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे झाली. पुढे त्याने जॉर्जियातील मेकन येथे बस्तान बसवले. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात मुद्रित झालेल्या १९७१ च्या अल्बमने त्याला कीर्ती मिळवून दिली, आणि पुढच्या प्रत्येक लाइव्ह अल्बमची त्याच्याशी तुलना होणेही तेव्हापासून ठरून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिटारवादक डुएन ऑलमन मोटरसायकल अपघातात दगावला. वर्षभराने बासवादक बेरी ओकलीही तसाच गेला. दुसरा संस्थापक गिटारवादक डिकी बेट्स २००० मध्ये बँडबाहेर पडला, तेव्हा आता उरले काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. या अल्बममध्ये त्याचे बरेचसे उत्तर मिळते.

मूळच्या सहा जणांपैकी येथे तिघे आहेत : गायक व ऑर्गनवादक ग्रेग ऑलमन, ड्रमवादक बुच ट्रक्स आणि जेमो. सोबत बासवर ओटील बरब्रिज, तालवाद्यांवर मार्क किन्योनेस आणि गिटारवर वॉरन हेन्स व डेरेक ट्रक्स. डेरेक हा बुचचा पुतण्या. त्याचे नाव ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या बँडवरून ठेवलेले, आणि त्या बँडच्या ‘लायला’ अल्बममध्ये डुएनने स्लाइड गिटार वाजवलेली! डेरेक स्वतः स्लाइड वाजवतो ती नखी न वापरता, नुसत्या बोटांनी. अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाचा त्याच्यावर प्रभाव आहे. त्यामुळे मींड ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला त्याचा सूर वरच्या स्वराकडे कसा सरकतो हे वेगळे सांगावे लागत नाही. हेन्सचा बाज याउलट भरदार, ब्लूजचा, तो गातोही. दोघांनी डुएन-बेट्स जोडीची नक्कल केलेली नाही, हे या मैफलींचे मोठे बळ.

आरंभ ‘स्टेट्सबरो ब्लूज’ने होतो. ब्लाइंड विली मॅकटेलचे हे गाणे फिलमोर अल्बमच्याही आरंभी आहे, म्हणजे तुलनेचे आव्हान पहिल्याच गाण्यात स्वीकारलेले. जुन्या गाण्यांच्या बरोबरीने २००३ च्या ‘हिटिन द नोट’ या स्टुडिओ अल्बममधील ‘डेस्डेमोना’, ‘ओल्ड बिफोर माय टाइम’ वगैरे रचना येतात. हेन्स व बरब्रिज यांची ‘इन्स्ट्रुमेंटल इलनेस’ ही दीर्घ वाद्यरचना जॅझकडे झुकते. काही ठिकाणी ती रेंगाळते, पण दोन ड्रमसेट आणि तालवाद्ये एकमेकांना जागा कशी करून देतात, हे तिच्यात सर्वांत स्वच्छ ऐकू येते. ‘ड्रीम्स’मधील डेरेकचे वादन हा संचाचा कळस म्हणावा. शेवटी ‘व्हिपिंग पोस्ट’. तिची प्रारंभीची अकरा ठोक्यांची बासची धून (३+३+३+२) आजही दचकवते. ग्रेगचा आवाज तोवर जाडसर व खरखरीत झालेला आहे. तरुणपणी लिहिलेल्या या गाण्यांना तो तेव्हापेक्षा अधिक शोभतो.

बीकन थिएटरशी या बँडचे नाते जुने होते. ब्रॉडवेवरील या सभागृहात १९८९ पासून आणि पुढे बहुतेक दर वर्षी वसंतात त्यांच्या कार्यक्रमांची मालिकाच होई. रोज गाण्यांचा क्रम बदले आणि काही रसिक एकाहून अधिक रात्री येत. बँडने अखेरचा कार्यक्रमही ऑक्टोबर २०१४ मध्ये येथेच केला. ‘हिटिन द नोट’नंतर त्याने नवा स्टुडिओ अल्बम काढला नाही, म्हणून या शेवटच्या पर्वाची ओळख करून घ्यायला हे दोन अल्बम आधी गाठावे लागतात. मात्र नवख्या श्रोत्याने आधी फिलमोर ऐकावे, मग हा संच. उलट क्रमाने ऐकल्यास काय बदलले ते कळत नाही.