व्हेप, करोना आणि 'पाचपट' या आकड्याची गोष्ट

"व्हेप ओढणाऱ्या पोरांना करोना पाचपट होतो आणि फुप्फुसं कायमची जातात." हा मेसेज साताऱ्याच्या पालकांच्या एका ग्रुपवर परवा परत फिरला. सांगलीच्या एका शिक्षक मित्रानंही तोच पाठवून विचारलं, खरं का हो? एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

सुरुवात २०१९ पासून करू. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण पोरं दम लागून दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले आणि ६८ गेले. सगळे व्हेप ओढणारे, म्हणून आजाराला नावही व्हेपचंच पडलं. इकडे आपल्या केंद्र सरकारनं १८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश जाहीर केला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्ष कैद किंवा लाखाचा दंड, किंवा दोन्ही. आयसीएमआरनं मे महिन्यातच बंदी सुचवली होती, त्यामुळं केवळ अमेरिकेच्या बातम्या बघून बंदी आली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण टीव्हीवर अन् चहाच्या टपरीवर चर्चा मात्र त्या पोरांचीच होती.

खरा दुवा सापडला तो वर्षाच्या अखेरीस. आजारी ५१ जणांच्या फुप्फुसातलं पाणी तपासलं, त्यातल्या ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट निघालं. निरोगी ९९ जणांत ते एकातही नव्हतं. गांजातल्या नशेच्या घटकाचं तेल घट्ट दिसावं म्हणून चोरट्या बाजारात हे मिसळत होते. म्हणजे मुख्य दोष भेसळीचा. आपल्याकडं विषारी दारूनं माणसं मेली की आपण हातभट्टीवाला शोधतो, तसंच हे. ही दुरुस्ती किती मराठी पेपरांनी छापली? पहिल्या पानावर तर मला कुठं दिसली नाही.

आता तो 'पाचपट'. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अभ्यास आला. १३ ते २४ वयाची ४,३५१ मुलं, ऑनलाइन प्रश्नावली. आयुष्यात कधीतरी व्हेप ओढलेल्यांत करोनाचं निदान पाचपट निघालं. पण गेल्या तीस दिवसांत फक्त व्हेपच ओढणाऱ्यांत तशी ठळक वाढ दिसली नाही! कधीकाळी ओढली त्याला धोका आणि आज ओढतो त्याला नाही, हे कोड्यात टाकणारं आहे. शिवाय निदान पोरांनी स्वतः सांगितलेलं. आजार किती गंभीर झाला, ऑक्सिजन लागला का, हे त्या पाचपटात कुठंच नाही. 'फुप्फुसं कायमची जातात' हे शेपूट पुढं कुणीतरी जोडलं.

बरं, उलट्या बाजूनंही असंच झालं. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या ८९,७५६ रुग्णांवरचा एक लेख छापून आला. सिगारेट ओढणाऱ्यांत करोनाचं निदान २३ टक्के कमी, असा त्याचा दावा. मार्च २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला, कारण दोन लेखकांनी तंबाखू उद्योगाशी असलेले आपले संबंध लपवले होते. संशय पेरणं हा त्या धंद्याचा १९५० च्या दशकापासूनचा जुना उद्योग. म्हणून मी व्हेपवरच्या संशोधनाला प्रश्न विचारतो म्हणजे व्हेपची वकिली करतो, असं कृपया समजू नका. निकोटिनची सवय लागते ती लागतेच, आणि शाळकरी पोरांच्या हातात ते नकोच.

पण आपल्या दोन जिल्ह्यांत फुप्फुसाचा प्रश्न व्हेपचा आहे का? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात ई-सिगारेट वापरणारे प्रौढ होते ०.०२ टक्के. तंबाखू कुठल्याही रूपात वापरणारे २८.६ टक्के. महाराष्ट्रात ओढणारे ३.८, तर खाणारे-लावणारे २४.४ टक्के. विडीवरचं संशोधन मात्र भक्कम आहे. २००३ साली चेन्नईच्या डॉ. गजलक्ष्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३,००० मृत पुरुषांची माहिती जमवून जिवंत पुरुषांशी ताडून पाहिली. धूम्रपान करणाऱ्यांना क्षयानं मरण्याचा धोका साडेचार पट. २००८ च्या देशव्यापी अभ्यासात विडी ओढणारे पुरुष सरासरी सहा वर्षं आधी जातात असं निघालं. ज्या मिरजेत क्षयाच्या रुग्णांसाठी वानलेसवाडीचं सॅनिटोरियम उभं राहिलं, तिथल्या माणसाला हे नवीन नसावं. तरी विडी टपरीवर राजरोस मिळते. निपाणी इथून लांब नाही. तंबाखूचा शेतकरी आणि विडी वळणाऱ्या बायका मतदान करतात, व्हेपवाल्याला मतदारसंघच नाही.

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला पहिले चार रुग्ण सापडले, तेव्हापासून दुसऱ्या लाटेपर्यंत इथं हजारो केसपेपर भरले गेले. मी बऱ्याच व्हरांड्यांत उभा राहिलोय. 'व्यसन' हा रकाना बहुतेक वेळा मुलगा भरायचा, आणि बाप शेजारी बसलेला असला की उत्तर 'नाही'. आजीबाई तर सरळ म्हणायच्या, "तंबाखू नाय बा, नुसती मशेरी लावते." ती मशेरी तव्यावर भाजताना घरभर धूर होतो, तो कुठल्या रकान्यात लिहायचा? अशा कागदांवरून उद्या कुणी 'तंबाखूवाल्यांना करोना कमी' असंही सिद्ध करेल.

विडी रोज किती, मशेरी किती वर्षं, चुलीचा धूर, व्हेप, असे वेगवेगळे रकाने तुमच्या दवाखान्यात आहेत का? आरोग्य खात्यातले कुणी हे वाचत असाल तर सांगा. एक कोरा केसपेपर बघायला मिळाला तरी चालेल.